कोअर मेला, टॉवर जिवंत: रॉजर्सचा ८ जुलै आणि 'गंभीर बिघाड' नेमकं कशाला म्हणायचं

मी व्हेंडर कॉन्ट्रॅक्ट बघतो. वकील नाही, पण वकिलांनी लिहिलेलं आणि इंजिनिअरांनी न वाचलेलं जे काही असतं ते दोघांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे. कुठलंही नवीन कॉन्ट्रॅक्ट आलं, सॉफ्टवेअरचं असो की लीज लाईनचं (ऑफिससाठी भाड्याने घेतलेली खास लाईन), की मी आधी किंमत बघत नाही, थेट मागच्या पानांवर जातो, तिथे एसएलएचं, म्हणजे सेवा किती चालू राहील या हमीचं, परिशिष्ट असतं आणि त्यात एक टेबल, बिघाड किती गंभीर याच्या पायऱ्या, सेव्हरिटी वन, टू, थ्री, फोर. आणि सेव्हरिटी वनच्या समोर जवळजवळ ठरलेलं वाक्य: 'सेवा पूर्णपणे बंद असणे'. हे वाक्य दिसलं की मला कॅनडा आठवतो. रॉजर्स कम्युनिकेशन्सचा २०२२ चा आऊटेज, म्हणजे सेवा ठप्प होणं, बऱ्याच जणांना बातमी म्हणून माहितीये, पण कॉन्ट्रॅक्टच्या चष्म्यातून फार कोणी बघितलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी काय झालं ते.

८ जुलै २०२२, शुक्रवार. आपल्याकडे आषाढी दोन दिवसांवर आलेली. तिकडे टोरोंटोच्या वेळेनुसार पहाटे ४:४३ ला रॉजर्सच्या डिस्ट्रिब्युशन राऊटरमध्ये एक बदल टाकला गेला आणि ४:४५ ला त्यांचं आयपी कोअर नेटवर्क, म्हणजे सगळा ट्रॅफिक ज्यातून जातो तो गाभा, कोसळायला लागलं. तिकडची पहाट म्हणजे आपले दुपारचे सव्वादोन. रॉजर्स म्हणजे कॅनडातल्या तीन मोठ्या टेलिकॉम कंपन्यांपैकी एक, मोबाईल, घरचं इंटरनेट, लँडलाईन, टीव्ही सगळं तीच देते, आणि महत्त्वाचं म्हणजे मोबाईल आणि वायरलाईन दोन्हीचा ट्रॅफिक एकाच कोअरमधून जायचा. खर्च वाचतो म्हणून अशी रचना बरेच जण करतात, त्यात काही जगावेगळं नव्हतं. पण त्यामुळे कोअर गेला तसं सगळंच गेलं. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक, आणि सेवा बहुतेकांना परत मिळायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली, काहींना त्याहून उशीर.

हा बदल कोणी झोपेत केलेला नव्हता. कोअर अपग्रेडचं सात टप्प्यांचं काम चालू होतं, हा सहावा टप्पा. आधीचे पाच नीट पार पडले होते. या टप्प्यात राऊटरमधला एक फिल्टर काढला गेला. फिल्टरचं काम काय, तर इंटरनेटवरचे सगळेच्या सगळे रूट, म्हणजे ट्रॅफिक कुठून कुठे जाईल याचे पत्ते, आत येऊ द्यायचे नाहीत, लागतील तेवढेच सोडायचे. पंढरपुरात दर्शनबारीचे कठडे काढून टाकले आणि अख्खी गर्दी एकदम गाभाऱ्याकडे आली तर काय होईल, तसंच झालं. कोअर राऊटरांवर इतक्या रूटचा लोंढा आला की त्यांची क्षमता संपली आणि ते नेहमीचा ट्रॅफिकसुद्धा पुढे पाठवू शकेनात. आणि असा लोंढा आला तर राऊटरने स्वतःला वाचवावं अशी मर्यादाही त्यांच्यावर घातलेली नव्हती.

नंतर कॅनडाच्या नियामकाने, म्हणजे सीआरटीसीने, झोना पार्टनर्स नावाच्या बाहेरच्या कंपनीकडून तपासणी करून घेतली, त्या अहवालात एक गोष्ट आहे जी वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. या सात टप्प्यांच्या कामाची जोखीम सुरुवातीला 'हाय' ठरवलेली होती. पण आधीचे टप्पे यशस्वी होत गेले तशी जोखीम ठरवणाऱ्या अल्गोरिदमने ती आपोआप कमी केली, आणि सहाव्या टप्प्याला ती 'लो' झालेली होती. म्हणजे पाच वेळा रस्ता ओलांडताना गाडी आली नाही म्हणून सहाव्या वेळी बघायचंच नाही.

बाकी तपशील पटापट सांगतो. इंटरॅक, म्हणजे तिकडची डेबिट कार्ड आणि पैसे पाठवायची व्यवस्था, तीही रॉजर्सवर अवलंबून होती, त्यामुळे देशभर दुकानांत डेबिट कार्ड चालेना, ई-ट्रान्स्फर बंद. ज्यांचा रॉजर्सशी काडीचा संबंध नाही, दुसऱ्या कंपनीचा फोन वापरतात, असे लोकही खिशात रोख नाही म्हणून दुकानातून रिकामे परतले. सरकारी पासपोर्ट सेवेला फटका बसला. टोरोंटोच्या रॉजर्स सेंटर स्टेडियममधला द वीकेंडचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला, स्टेडियमला नाव कोणाचं तेवढं बघा. आणि ९११, तिकडचा आणीबाणीचा नंबर. त्यावर खाली वेगळं बोलतो, कारण माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच आहे.

आता मुद्द्यावर येतो. समजा तुम्ही टोरोंटोतली मध्यम आकाराची कंपनी आहात, तुमचं अशा एखाद्या टेलिकॉमशी बिझनेस कॉन्ट्रॅक्ट आहे आणि त्यात आपल्याकडे येतात तशीच छापील कलमं आहेत. ८ जुलैला तुमच्या हातात काय होतं? मी एक एक कलम घेऊन बघितलं आणि दर वेळी ते कुठेतरी निसटतं.

सुरुवात 'पूर्णपणे बंद'पासून. रॉजर्सचे मोबाईल टॉवर त्या दिवशी बंद नव्हते. कोअर मेला होता, पण टॉवर वीज खात होते, सिग्नल फेकत होते, फोनला वाटत होतं नेटवर्क आहे. आणि ह्यातच ९११ अडकलं. आपला फोन इमर्जन्सी नंबर लावताना हुशारी करतो, स्वतःचं नेटवर्क नसेल तर जे कुठलं दुसरं नेटवर्क हवेत सापडेल त्याच्यावरून कॉल लावतो, मग ते कोणत्याही कंपनीचं असो. पण ही हुशारी तेव्हाच चालते जेव्हा स्वतःचं नेटवर्क दिसत नाही. इथे रॉजर्सचा टॉवर 'मी आहे, मी आहे' म्हणत होता, फोन त्यालाच चिकटून बसायचा, आणि कॉल पुढे जायला रस्ता नाही. अधूनमधून काही कॉल लागले, बरेच लागले नाहीत. टॉवर सरळ बंद करून टाकले असते तर फोन बेल किंवा टेलस या दुसऱ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर गेले असते. पण टॉवर दुरून बंद करायचा तर त्या टॉवरपर्यंत पोचायला लागतं, आणि पोचायचा रस्ता त्याच मेलेल्या कोअरमधून जात होता. शेवटी लोकांना काय सल्ला मिळाला माहितीये? फोनमधून सिम काढा आणि मग ९११ लावा. घरात कोणाच्या छातीत दुखतंय आणि आपण सिम ट्रेची ती सुई शोधतोय.

म्हणजे अर्धं जिवंत असणं हे पूर्ण मेलेलं असण्यापेक्षा वाईट होतं. आणि कॉन्ट्रॅक्टमधलं सेव्हरिटी वन मात्र पूर्ण मेलेल्यालाच ओळखतं. 'सेवा पूर्णपणे बंद' असं लिहिलं की समोरचा माणूस म्हणणार, साहेब, टॉवर चालू होते, आमच्या रिपोर्टात टॉवरचा अपटाईम शंभर टक्के दाखवतोय, आणि तो खोटं बोलत नसणार.

सॉफ्टवेअरमध्ये हे रोज होतं, फक्त कोणी मरत नाही म्हणून बातमी होत नाही. महिन्याची २८ तारीख, पेरोलचं सॉफ्टवेअर, लॉगिन पेज उघडतंय, डॅशबोर्ड दिसतोय, नाव सुद्धा 'वेलकम' करून दाखवतोय, पण 'प्रोसेस'चं बटण दाबलं की चक्र फिरत राहतं. व्हेंडरचं स्टेटस पेज हिरवंगार. तिकीट टाकलं की उत्तर येतं, सिस्टीम ॲक्सेसिबल आहे, एक फंक्शन स्लो आहे, सेव्हरिटी टू, पुढच्या कामकाजाच्या दिवशी बघू. आणि कागदावर तो बरोबर असतो, कारण व्याख्या आपणच सही करून दिलेली असते.

म्हणून मी आता व्याख्या सेवेच्या बाजूने लिहीतच नाही, ग्राहकाच्या कामाच्या बाजूने लिहितो. सर्व्हर चालू आहे का हे विचारायचं नाही, पगार निघतोय का, कॉल लागतोय का, बिल फाटतंय का हे विचारायचं. आणि त्याच्या पुढे लगेच दुसरा प्रश्न, हे काम करायला त्या वेळी दुसरा रस्ता होता का, आणि तो रस्ता याच बिघाडाने अडवला तर नाही ना. हा दुसरा अर्धा भाग बहुतेक ड्राफ्टमध्ये नसतोच. 'वर्कअराऊंड उपलब्ध असल्यास सेव्हरिटी कमी करता येईल' एवढं असतं, तेही व्हेंडरच्या सोयीचं. सिम काढून फोन लावा हाही वर्कअराऊंडच झाला की मग.

पुढचं कलम, बिघाडाची वेळ मोजणारं घड्याळ कधी सुरू होतं. नेहमीचं वाक्य: 'ग्राहकाने तिकीट नोंदवल्यापासून आणि व्हेंडरने बिघाडाची पुष्टी केल्यापासून'. आता ८ जुलैची सकाळ डोळ्यासमोर आणा. तिकीट नोंदवायला इंटरनेट लागतं, ते रॉजर्सचं, बंद. फोन करावा तर फोन रॉजर्सचा, बंद. ज्याच्याबद्दल तक्रार करायची त्याच्याच दारातून आत जायचं आणि दारच बंद. कंपनीच्या आतसुद्धा तेच. रॉजर्सच्या स्वतःच्या लोकांकडे रॉजर्सचेच फोन आणि रॉजर्सचंच इंटरनेट, त्यामुळे बिघाड निस्तरणाऱ्या माणसांना सुरुवातीचे काही तास एकमेकांशी धड बोलता येईना. शेवटी दुसऱ्या कंपन्यांची सिम कार्डं मिळवून लांबच्या साईटवर पाठवावी लागली. मूळ कारण सापडायला १४ तास लागले, म्हणजे संध्याकाळ झाली. पुष्टी केल्यापासून घड्याळ म्हटलं तर ती नेमकी कोणत्या मिनिटाला झाली म्हणायची? मी आता असं लिहितो की घड्याळ बिघाड सुरू झाल्यापासून, आणि तो कधी सुरू झाला याला व्हेंडरचा लॉग, आमचं मॉनिटरिंग किंवा तिसऱ्या कोणाचा सार्वजनिक रेकॉर्ड, यातलं जे सगळ्यात आधीची वेळ दाखवेल ते धरायचं. यावर दर वेळी भांडण होतं. होऊ दे.

आणि आता माझं सगळ्यात लाडकं कलम, 'नियोजित देखभाल वगळून'. पुण्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको, गुरुवारी लाईट जाणार हे माहीत असतं, सकाळी जाते, दुपारी यायची असते आणि कधी कधी संध्याकाळपर्यंत येत नाही, आणि विचारलं की उत्तर येतं 'गुरुवार आहे ना'. रॉजर्सचा आऊटेज सुरू झाला तो ठरवून घेतलेल्या बदलाच्या कामातूनच, पहाटेच्या वेळी, जेव्हा असली कामं करतात. तुमच्या करारात 'नियोजित देखभालीदरम्यान किंवा त्यामुळे झालेला डाऊनटाईम मोजला जाणार नाही' असं वाक्य असेल तर त्यातल्या 'त्यामुळे' या एका शब्दावर अख्खा दिवस गायब होऊ शकतो. कोणी तसा दावा केला असं मी म्हणत नाहीये, मी एवढंच म्हणतोय की छापील वाक्य तो दावा करू देतं. आता मी 'त्यामुळे' खोडतो, आणि विंडोची, म्हणजे देखभालीला दिलेल्या वेळेची, सुरुवात आणि शेवट घड्याळाने लिहून घेतो, पाचपर्यंतची विंडो म्हणजे पाच वाजून एक मिनिटाला साधा डाऊनटाईम सुरू. शिवाय आधीचं काम नीट झालं म्हणून पुढच्या बदलाची जोखीम आपोआप कमी धरायची नाही, हेही एका ओळीत टाकायला लागलोय, हे सरळ रॉजर्सकडून शिकलेलं.

टक्क्यांचं गणित थोडं करू, कारण इथे भले भले फसतात. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास. ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटांची सूट. अख्खा एक दिवस सेवा गेली तर महिन्याचा आकडा ९६.६७ टक्के, वाईट दिसतो. पण तोच दिवस वर्षावर पसरवला तर ९९.७३ टक्के. आणि मी असे ड्राफ्ट बघितलेत ज्यात ९९.५ टक्के अपटाईम लिहिलेला असतो आणि कुठेतरी खालच्या ओळीत 'वार्षिक सरासरी'. म्हणजे अख्खा देश एक दिवस ठप्प झाला तरी त्या कॉन्ट्रॅक्टनुसार काहीच झालेलं नाही, उलट व्हेंडरकडे अजून जवळजवळ २० तास शिल्लक आहेत. टेलिकॉमवाल्यांकडे अजून एक असतं, क्रॉनिक आऊटेजचं कलम, ठराविक दिवसांत तीन वेळा लाईन गेली तर तुम्ही करार मोडू शकता वगैरे. चांगलं कलम आहे पण ते मोजतं वेळा. तीन वेळा पाच-पाच तास गेली तर तुम्ही सुटलात, एकदाच सव्वीस तास गेली तर ती 'एक वेळ'.

महिन्यावर मोजलं तरी मिळतं काय ते बघा. ॲमेझॉनच्या ईसीटूचा, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचा, एसएलए सगळ्यांना वाचायला उपलब्ध आहे, त्यात महिन्याचा अपटाईम ९९ टक्क्यांच्या खाली गेला तर ३० टक्के क्रेडिट, म्हणजे बिलातून वजावट, आणि ९५ च्या खाली गेला तर १०० टक्के. ९५ च्या खाली जायला ३० दिवसांच्या महिन्यात ३६ तासांच्या वर बंद राहावं लागतं. म्हणजे या पट्टीवर ठेवलं तर रॉजर्ससारखा दिवस ३० टक्क्यांत बसतो, तेही त्या महिन्याच्या बिलाच्या, आणि ते क्रेडिट म्हणून, रोख नाही. असल्या दस्तावेजांत पुढे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की हे क्रेडिट हाच एकमेव उपाय. सगळा खेळ त्या 'एकमेव'मध्ये आहे बरं का.

रॉजर्सने ग्राहकांना काय दिलं? सुरुवातीला दोन दिवसांचं क्रेडिट जाहीर केलं, ओरडा झाल्यावर पाच दिवसांचं. एकूण खर्च सुमारे १५ कोटी कॅनडियन डॉलर. आकडा मोठा वाटतो, पण महिन्याला ८० डॉलर भरणाऱ्याच्या वाट्याला साधारण १३ डॉलर येतात. एका बाजूने बघितलं तर एका दिवसाच्या बदल्यात पाच दिवस, कंपनी म्हणेल अजून काय हवं. दुसऱ्या बाजूने, शुक्रवारी दिवसभर ज्याचं कार्ड मशीन चाललं नाही त्या हॉटेलवाल्याला १३ डॉलरचं काय करायचं. क्रेडिट हे सेवेच्या किमतीवर मोजलं जातं, नुकसानावर नाही, ही टेलिकॉम आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडची जुनी रीत आहे. तीन दिवसांत क्युबेकमध्ये क्लास ॲक्शनसाठी, म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकत्र खटल्यासाठी, अर्ज दाखल झाला, प्रत्येकी ४०० डॉलरची मागणी करणारा.

माझं मत विचाराल तर व्हेंडरने आपलं सगळं नुकसान भरावं ही मागणी खुळचट आहे, ८० डॉलरच्या सेवेसाठी कोणी लाखाची जोखीम घेणार नाही, घेतली तर किंमत तशी लावेल. पण गंभीर बिघाडाला क्रेडिटच्या टेबलातून बाहेर काढणं हे मागता येतं. म्हणजे साधा बिघाड टेबलात, आणि एका ठराविक रेषेच्या पलीकडचा बिघाड हा कराराचा भंग, ज्यात 'एकमेव उपाय' लागू नाही, करार सोडायचा हक्क आहे, आणि लायबिलिटीची, म्हणजे भरपाईची, वेगळी, थोडी वरची मर्यादा आहे. म्हणून ती रेष कुठे मारायची याला एवढं महत्त्व. नुसतं 'ग्रॉस निग्लिजन्स झाल्यास', म्हणजे घोर निष्काळजीपणा झाल्यास, असं लिहून भागत नाही, कारण मग ते सिद्ध करत वर्षानुवर्षं कोर्टात बसा. डेल्टा एअरलाईन्स आणि क्राऊडस्ट्राईक या सायबर सुरक्षा कंपनीचं तेच चालू झालं, जुलै २०२४ मध्ये तिच्या अपडेटमुळे जगभर कॉम्प्युटरांचे स्क्रीन निळे पडले त्या दिवसानंतर, आकडा ५० कोटी डॉलरचा आणि वाद हा की निष्काळजीपणा 'घोर' होता का. तो वेगळा विषय, पुन्हा कधी.

तिसऱ्या पक्षाचं कलमही इथेच सांगतो. समजा तुम्ही रॉजर्सचे ग्राहक नाही, तुम्ही एका पेमेंट सॉफ्टवेअरचे ग्राहक आहात आणि ते सॉफ्टवेअर रॉजर्सच्या लाईनवर. त्यांच्या करारात 'तिसऱ्या पक्षाच्या नेटवर्कमधील बिघाड वगळून' हे असणारच. आणि मग तुमचा व्हेंडर हात वर करतो, त्याचा व्हेंडर क्रेडिट देतो, आणि तुम्ही मधे. इंटरॅकने त्यानंतर दुसरा नेटवर्क पुरवठादार जोडायचं ठरवलं, म्हणजे हे आधीही करता आलं असतं. मी आता असं लिहून घेतो की ज्या तिसऱ्या पक्षाला व्हेंडरने स्वतः निवडलंय आणि ज्याला पर्याय ठेवणं त्याच्या हातात होतं, त्याचा बिघाड हा व्हेंडरचाच बिघाड. आणि पर्याय म्हणजे खरा पर्याय, कारण कॅनडात कित्येकांकडे एक लाईन रॉजर्सची आणि फोन फिडोचा अशी 'दुहेरी' सोय असणार, आणि फिडो हा रॉजर्सचाच ब्रँड आहे. बिल वेगळं, लोगो वेगळा, कोअर तोच.

सरकारने काय केलं ते थोडक्यात, कारण व्याख्या तिथेही आली. ११ जुलैला तिकडचे उद्योगमंत्री फ्रँस्वा-फिलिप शाँपेन यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना बोलावून ६० दिवसांत आपसात करार करा म्हणून सांगितलं, आणीबाणीत एकमेकांच्या ग्राहकांना रोमिंग द्यायचं, एकमेकांना मदत करायची, लोकांना काय आणि कधी सांगायचं हे ठरवायचं. ७ सप्टेंबरला तो करार जाहीर झाला. आऊटेजच्या दिवशी बेल आणि टेलसने मदत देऊ केली होती, पण ग्राहकांची माहिती ज्या सिस्टीममध्ये होती तिथपर्यंत रॉजर्सलाच पोचता येत नव्हतं त्यामुळे ती घेता आली नाही, आणि एवढा ट्रॅफिक दुसऱ्या कोणाला झेपलाही नसता. दरम्यान कंपनीचे तंत्रज्ञान प्रमुख बदलले, २५ जुलैला सीईओ टोनी स्टाफिएरी संसदीय समितीसमोर बसले, मोबाईल आणि इंटरनेटचा कोअर वेगळा करायला २५ कोटी डॉलर खर्च करू म्हणाले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सीआरटीसीने तात्पुरता नियम काढला, मोठा आऊटेज कळल्यापासून दोन तासांत आम्हाला कळवा, १४ दिवसांत सविस्तर अहवाल द्या. आणि मोठा म्हणजे काय, तर एक लाखाहून जास्त ग्राहक किंवा त्या कंपनीच्या ग्राहकांचा मोठा हिस्सा तासाभराहून जास्त वेळ अडकला तर, ही झाली आकड्याची कसोटी. पण त्याच्या शेजारी आकडा नसलेल्या कसोट्या ठेवल्या: जिथे दुसरी कुठलीच कंपनी सेवा देत नाही असा भाग, महत्त्वाच्या पायाभूत सुविधा, मोठी वाहतूक केंद्रं, ९११ चं नेटवर्क. यातली एकच कसोटी लागली तरी पुरे. मला ही रचना फार आवडली. उत्तरेकडच्या एखाद्या छोट्या वस्तीत ३०० लोक आहेत आणि एकच कंपनी पोचते, तिथला बिघाड लहान नाही, कारण त्या ३०० लोकांना दुसरा रस्ता नाही. वर मी तेच म्हणत होतो.

आता आपल्याकडचं. ट्रायने, म्हणजे आपल्या टेलिकॉम नियामकाने, ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम काढले, १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू, मोबाईल, लँडलाईन आणि ब्रॉडबँड तिन्हींना. त्यात जिल्हा हे माप आहे. जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात तेवढ्या दिवसांची सूट आणि प्रीपेडवाल्याची व्हॅलिडिटी वाढवून द्यायची, आणि मोजताना कॅलेंडरच्या एका दिवसात १२ तासांहून जास्त बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरायचा. नैसर्गिक आपत्ती वगळून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं, निदान 'मोठा बिघाड' म्हणजे काय हे कोणीतरी लिहिलं. मग मी रॉजर्सचा दिवस त्यावर ठेवून बघितला. पहाटे ४:४५ ला गेली, आणि समजा तुमची सेवा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आली. २४ तास भरायला १५ मिनिटं कमी. सूट शून्य. शेजाऱ्याची सहाला आली असती तर त्याला मिळाली असती, तेही अख्खा जिल्हा अडकला असेल तर. जिल्हा हे माप सुद्धा गडचिरोलीला एक आणि मुंबई उपनगराला एक असं कसं चालेल हे कोडंच आहे, भामरागडच्या बाजूच्या चार गावांचा एकुलता टॉवर आठवडाभर बंद पडला तर जिल्हा चालूच असतो. शिवाय हे नियम तुमच्या ऑफिसच्या लीज लाईनला लागू नाहीत, तिथे तुमचं कॉन्ट्रॅक्ट हाच नियम. म्हणून नियामक बघून घेईल म्हणून परिशिष्ट न वाचता सही करू नका.

तर माझं आत्ताचं कलम साधारण असं आहे, इंग्रजीत जातं अर्थात, इथे मराठीत सांगतो: 'ठरवून दिलेल्या अत्यावश्यक कामांपैकी कुठलंही एक काम ग्राहकाला ३० मिनिटांहून जास्त वेळ करता आलं नाही, आणि तेच काम करायचा दुसरा वाजवी मार्ग त्या वेळी उपलब्ध नव्हता, किंवा याच बिघाडामुळे बंद झाला, तर तो गंभीर बिघाड. सेवेचा काही भाग चालू दिसत होता हा बचाव धरला जाणार नाही.' अत्यावश्यक कामांची यादी वेगळ्या पानावर, पाच ते सातच, जास्त टाकली की व्हेंडर हसतो आणि बरोबर हसतो. घड्याळाचं आणि मेन्टेनन्स विंडोचं वर सांगितलं तसं.

मध्यंतरी एका सॉफ्टवेअर व्हेंडरबरोबर यावर तीन मीटिंग गेल्या. ३० मिनिटांचे त्यांना चार तास हवे होते, शेवटी एक तासावर मिटलं, यादीतलं एक काम त्यांनी कमी करून घेतलं. 'काही भाग चालू दिसत होता' हे शेवटचं वाक्य मात्र त्यांच्या लीगलला काही केल्या पचेना, हे काय लिहिलंय, सेवा चालू तर चालू आणि बंद तर बंद. मी रॉजर्सच्या टॉवरची आणि सिम काढायची गोष्ट सांगितली. त्यांचा एक ऑपरेशन्सवाला मुलगा कोपऱ्यात बसून ऐकत होता, तो म्हणाला सर, राहू द्या ते वाक्य, बरोबर आहे. आणि मग आपल्याच माणसांकडे वळून हळूच विचारलं, आपल्या डेटा सेंटरच्या दोन लिंक आहेत त्या नक्की कोणाकोणाच्या आहेत? कोणालाच लगेच सांगता आलं नाही. चार दिवसांनी मेल आला. नावं दोन, बिलं दोन, आणि दोन्हींच्या मागे कंपनी एकच. तिसरी लिंक घेतोय, तोपर्यंत त्या कलमाला तीन महिन्यांची मुदत द्याल का, म्हणून विनंती. दिली.